तो डाग बिब्ब्याचा नव्हता

साक्रीच्या पश्चिमेला, जिथून डोंगर सुरू होतात, तिथल्या एका गावात एक म्हातारी एकटी राहते. तिने सुनेला बिब्बा लावला आणि त्यात सून गेली, असं त्या गावात तेरा वर्षं मानलं जातं. तिचा मुलगा तेच मानतो. तिची नात तेच ऐकत मोठी झाली. हे सगळ्यांना मी सांगितलं होतं, आणि ते खरं नव्हतं.

मी डॉक्टर होतो. पदवी आयुर्वेदाची, औषधं इंग्रजी. आमच्या पिढीतले तालुक्यातले बरेचसे डॉक्टर असेच. त्या गावापासून चार किलोमीटरवर बाजाराच्या गावी माझा दोन खोल्यांचा दवाखाना होता. एकतीस वर्षं चालवला. आता जळगावला मुलाकडे राहतो. वय शहात्तर. गुडघे गेले, कान कमी झाले, स्मरण मात्र नको इतकं शाबूत आहे.

आधी बिब्ब्याचं सांगतो, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही. बिब्बा म्हणजे एका जंगली झाडाचं काळं, कडक फळ. दाभण तापवून त्यात खुपसलं की काळं तेल सुटतं. कंबर धरली, पोटात कळ आली, पाय मुरगळला, की त्या तेलाचा ठिपका अंगावर द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. कातडी भाजते, फोड येतो, वर काळी खपली धरते. काहींना ते मानवतं. काहींचं अंग सुजतं, जखम पिकते, आणि मग ती माणसं माझ्याकडे येत. अशी पिकलेली कंबर आणि पोटं मी इतकी धुतली होती, की बिब्बा हा शब्द ऐकला तरी माझं डोकं फिरायचं.

त्यात एक अहंकारही होता. महाविद्यालयात मी याच फळाची शुद्धी शिकलो होतो. विटेच्या भुकटीत घासून, धुऊन, त्याचं विष कसं कमी करायचं ते. तेव्हा बिब्बा कळतो तो मला, बायाबापड्यांनी त्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत होतं. दवाखान्याच्या भिंतीवर मी पाटी लावली होती: ‘बिब्बा लावून येणाऱ्यास तपासले जाणार नाही.’ वाचता न येणाऱ्यांसाठी खाली रंगाऱ्याकडून चित्र काढून घेतलं होतं, काळं फळ आणि त्यावर लाल फुली. चित्र फसलं होतं. बाकावर बसलेली एक आजी दर खेपेला मला विचारायची, “भाऊ, हाई काय जांभूय शे का?” आणि सगळा बाक हसायचा. जांभूळ खाऊन आलेल्यांना डॉक्टर तपासत नाहीत, असा विनोद बाजारभर झाला होता.

मी कुणाला तपासल्याशिवाय परत पाठवलं नाही कधी. पण रागवायचो भरपूर. त्यामुळे माणसं ठिपके लपवायला शिकली, आणि मी ते हुडकून काढायला शिकलो. कुठेही काळी खपली दिसली की माझं बोट आधी तिकडे जायचं.

ती म्हातारी तेव्हा साठीच्या आत होती. त्या गावात बिब्ब्याचा हात तिचाच. हात हलका, ठिपका नेमका, असं बायका म्हणायच्या. माझ्याकडे येण्याआधी अर्धं गाव तिच्याकडे जाऊन यायचं. आम्ही एकमेकांना ओळखून होतो. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला भाऊ म्हणायची, आणि त्यापलीकडे आमच्यात फारसा गोडवा नव्हता.

दिवाळी होऊन गेली होती. बाजरी निघून वावरं मोकळी झाली की आमच्या भागात मेंढपाळांचे कळप उतरतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात बसवून घेतो. आठ-दहा दिवस कळप तिथेच मुक्काम करतो, लेंडीखत जमिनीला मिळतं, आणि बदल्यात मेंढपाळांना धान्य जातं. त्या वर्षी अक्काच्या शेतात मेंढ्या बसल्या होत्या. मुलगा कांद्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा. घरात अक्का, सून आणि दोन वर्षांची नात.

सुनेला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे एकटीच चालत आली. पंचविशीची, सडपातळ, कमी बोलणारी. डोकं फुटतंय, अंग ठेचल्यासारखं झालंय, एवढंच तिने सांगितलं. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, गोळ्या दिल्या. त्या दिवसांत तापाची रीघ होती. मला तिच्यात काही वेगळं दिसलं नाही.

पाचव्या दिवशी अक्का तिला बैलगाडीतून घेऊन आली. पोर कडेवर, सून खांद्यावर रेललेली. ताप उतरलाच नव्हता. रक्त तपासायला घेतलं, त्यात टायफॉइडची बारीकशी खूण आली; ती आमच्याकडे कुणाच्याही रक्तात येते. मी सलाइन लावायला घेतलं, तेव्हा अक्का म्हणाली की हिच्या कमरेवर एक डाग आहे, तो एकदा बघून घ्या.

मी पाहिला. परकराच्या नाडीखाली, डाव्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढी काळी, कोरडी खपली. भोवती लालसर कडं. कमरेवर, बिब्बा लावतात नेमकी त्या जागी. आणि आणणारी कोण, तर गावातली बिब्बेवाली.

“बिब्बा लावला ना?” मी विचारलं.

“मी बिब्बा नई लावा, भाऊ. गोचडी चावनी व्हती तिले.”

तिने पुढेही सांगितलं. मेंढ्यांबरोबरचं एक अशक्त कोकरू घरात होतं. सून दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसायची, त्याच्या कानातल्या गोचड्या काढून नखाने चिरडायची. आठवड्यापूर्वी एक तिच्याच कमरेला डसलेली निघाली. ओढून काढली, तिथेच हा डाग उठला. हे सगळं तिने क्रमाने, नीट सांगितलं. एखाद्या डॉक्टरला रोग्याकडून यापेक्षा चांगली हकिगत मिळत नाही. आज मला ते कळतं.

तेव्हा मी हसलो. म्हणालो, “अक्का, गोचिडीनं माणसं आजारी पडायला लागली तर तालुक्यातली निम्मी माणसं खाटेवर दिसतील.” बाकावरच्या बाया हसल्या. त्यातली एक तिला म्हणाली, “डाक्टरले शिकाडस का वं, माय?”

मी सुनेकडे वळून विचारलं, खरं सांग, बिब्बा लावला की नाही? तिने माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि मान हलवली. ती हो होती की नाही होती, मला आजही सांगता येणार नाही. तापाने तिची मान तशीही डुगडुगत होती. मी ती हो धरली.

गुरांच्या अंगावर गोचीड मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आमच्या घरी बैल होते. गोचिडीमुळे गुरं खंगतात हे ठाऊक होतं. माणसाला त्यापासून ताप येतो, असा ताप कुठे दूरच्या जंगलात, परदेशात येत असेल, अशी माझी समजूत होती. खानदेशच्या या उघड्याबोडक्या रानात असलं काही असेल हे माझ्या मनातच नव्हतं. मनात नसलं की डोळ्यांना दिसत नाही. पण हे कारण मी पुढे करत नाही. न कळणं हा गुन्हा नाही, हे मला मान्य आहे. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

केसपेपरवर मी लिहिलं: ‘कमरेवर बिब्ब्याचा व्रण. सासूस समज दिली.’

सातव्या दिवशी तिच्या मनगटांवर, घोट्यांवर लाल ठिपके उठले, ते तळहातांवर आणि तळपायांवर पसरले. मी म्हटलं औषध वावडलं असेल, आणि गोळी बदलली. त्याच दिवशी मुलगा गाडीवरून परतला. आठव्या दिवशी ती बरळायला लागली, लघवी कमी झाली, तेव्हा मी त्याला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीत टायफॉइड लिहिला आणि बिब्बा लिहिला. अक्का नातीला घेऊन घरी राहिली. म्हणजे गोचिडीची गोष्ट जिला माहीत होती ती गावात, जिला चावली होती ती बेशुद्ध, आणि बरोबर गेलेल्या नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

आणि मला माहीत होती.

नवव्या दिवशी दुपारी धुळ्याहून फोन आला. एक तरुण डॉक्टर होता, आवाजावरून नुकताच शिकून आलेला. त्याने मला सर म्हटलं. म्हणाला, पेशंटच्या कमरेवरच्या डागाबद्दल विचारायचं आहे. तळव्यांवर पुरळ आहे, रक्तातल्या पेशी उतरल्या आहेत, आणि हा डाग मला भाजल्यासारखा वाटत नाही. आपल्या भागात सहसा आढळत नाही असा एक ताप आहे, किडा चावून येणारा. नवऱ्याला काही सांगता येत नाहीये. घरात जनावरं होती का? काही चावल्याचं कुणी बोललं होतं का?

मी फोन घेऊन दारात उभा होतो. समोरच्या बाकावर सात-आठ माणसं बसली होती. भिंतीवर माझी पाटी होती. त्या क्षणी मला अक्काचा शब्द आठवला. हे मी पुन्हा लिहितो, कारण तेरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आठवला नव्हता. आठवला होता. गोचडी हा शब्द तिच्या आवाजासकट आठवला होता.

“नाही,” मी म्हणालो. “बिब्बाच आहे तो. मी स्वतः पाहिलाय. त्यांची सासू लावते गावात.”

त्याने पुन्हा विचारलं, “नक्की ना सर?”

“आम्ही इथे आयुष्य काढलंय, डॉक्टर.”

त्याने आभार मानून फोन ठेवला. पुढे तिथे काय ठरलं, त्याच्या वरच्यांनी काय म्हटलं, मला माहीत नाही आणि मी त्यांच्यातल्या कुणाला बोल लावत नाही. मला इतकंच माहीत आहे की एका माणसाला योग्य शंका आली होती, त्याने योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला होता, आणि त्याला खोटं उत्तर मिळालं.

अकराव्या दिवशी ती गेली.

तिच्या दिवसांचं सगळं आटोपल्यावर मुलगा माझ्याकडे आला. डोक्याचे केस अजून खुरटे होते. हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी होती. त्याने विचारलं, नेमकं काय झालं तिला. भांडायला आला नव्हता. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं. मला म्हणता आलं असतं की ताप ओळखता आला नाही. एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो की बिब्ब्याचं विष अंगात भिनलं, रक्तात गेलं. मी तर पाटीच लावली आहे.

त्याने पाटीकडे पाहिलं. कागद पिशवीत घातले आणि निघून गेला. त्या महिन्याअखेर तो मुलीला घेऊन सुरतेला गेला आणि तिथेच यंत्रमागावर राहिला. आईशी बोलणं तोडलं. गावाने अक्काकडे जाणं बंद केलं. लहान पोरं तिच्या ओट्याजवळून धावत जायची. माझ्या दवाखान्यात बिब्बे येणं जवळपास थांबलं, आणि लोक म्हणू लागले की डॉक्टर आधीपासून सांगत होते. मी ते ऐकून घेत असे.

अक्का त्यानंतर माझ्याकडे कधी आली नाही. बाजारात एकदा समोरासमोर आलो. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भाजीच्या पाटीवर वाकली. मी दुसऱ्या रांगेत शिरलो.

गेल्या हिवाळ्यात जळगावला डॉक्टरांची एक सभा होती. मुलाचा एक मित्र डॉक्टर आहे, त्याने मला आग्रहाने नेलं. म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा. जेवणाआधी एका तरुण डॉक्टरबाईंचं व्याख्यान होतं, आपल्याकडे विरळा आढळणाऱ्या तापांवर. मी मागच्या खुर्चीत पेंगत होतो. पडद्यावर चित्र आलं आणि माझी झोप उडाली.

काळी, कोरडी खपली. भोवती लालसर कडं.

त्या सांगत होत्या की गोचिडीपासून येणारा हा ताप आपल्या भागात क्वचित दिसतो, आणि क्वचित दिसतो म्हणूनच माणसं दगावतात, कारण तो कुणी शोधत नाही. तळहात-तळपायांवर पुरळ आलं की थांबा. सगळे कपडे बाजूला करून पाहा. काखेत पाहा, केसांत पाहा, नाडीखाली पाहा, कारण गोचीड जिथे कपडा घट्ट बसतो तिथेच डसते. घरात जनावर आहे का विचारा. खपली दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रोगी स्वतःहून सांगणार नाही. आणि कुणी सांगितलंच, तर ते ऐका. पक्क्या तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो, त्याची वाट पाहू नका, शंका आली की औषध सुरू करा. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. साधी, जुनी कॅप्सूल. माझ्या कपाटात ती कायम असायची. खोकल्याला देत असे, मुरुमांना देत असे.

सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं. विचारलं, असा डाग बिब्ब्याचाही असू शकतो का? त्यांनी बिब्बा पाहिलाच नव्हता. मीच वर्णन केलं. बिब्बा चरचरतो, खाजतो, तेल ओघळतं तिथवर फोडांची माळ उठते, दोन-चार दिवस पाणी वाहतं. हे मी पुस्तकात शिकलो होतो आणि तीस वर्षं हाताने धुतलं होतं. तिची खपली कोरडी होती. एकच होती. मी बोट लावलं तेव्हा ती कण्हलीही नव्हती. मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता, खाजतं का.

बाई म्हणाल्या की तपासणी झालेली नसताना इतक्या वर्षांनी खात्रीने काही सांगता येणार नाही. ते बरोबर आहे. कागदावर कुणीच सिद्ध करू शकणार नाही. पण मी तो डाग पाहिला होता, आणि माझ्यापुरता मला पुरावा पुरला.

घरी येऊन जुन्या केसपेपरांचं पोतं उघडलं. तिचा कागद सापडला. माझंच अक्षर, वळणदार. ‘सासूस समज दिली.’ सासू काय म्हणाली ते त्यात कुठेच नव्हतं.

महिनाभर मी काही केलं नाही. मुलाने विचारलं तर वयाचं कारण सांगितलं. बायको असती तर तिने एका दिवसात ओळखलं असतं. मग एका सकाळी एसटीत बसलो. पारोळा, धुळे, साक्री. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. ठरलं ते असं: अक्का, तो एक वेगळा रोग होता, तेव्हा आपल्याकडे कुणालाच माहीत नव्हता, तुमचा दोष नव्हता. खोटं त्यात काही नव्हतं. फोनबद्दलही काही नव्हतं.

अक्का ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. खूप लहान झाली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला, की ओळखून तिने वेळ घेतला, कळलं नाही. बस म्हणाली नाही. मी पायरीवर बसलो आणि जुळवलेलं बोललो. सून बिब्ब्याने गेली नाही, तुम्ही सांगत होता तेच खरं होतं, गोचिडीचा ताप होता.

तिचे हात थांबले नाहीत. “माले माहीत शे,” ती म्हणाली. “मी लावाच नई, तं बिब्बा कसा मारी?”

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल. ती निर्दोष आहे हे सांगायला मी दीडशे किलोमीटर आलो होतो, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गावाने काहीही म्हटलं तरी तिचं मन स्वच्छ होतं. त्या एका गोष्टीवर ती तेरा वर्षं जगली होती.

मग तिचे हात थांबले. सुपातली शेंग तिने तशीच धरून ठेवली. हळू आवाजात विचारलं, गोचिडीनेच गेली ना? मी हो म्हणालो. पक्कं? मी पुन्हा हो म्हणालो.

“ते कोकरू मीच मांगी लयेल व्हतं,” ती म्हणाली. “मन्ही नातकरता.”

मेंढपाळ ते टाकून देणार होते, जगण्यासारखं नव्हतं. नातीला खेळायला होईल म्हणून तिनेच मागून आणलं होतं आणि सुनेच्या मांडीवर दिलं होतं. सुनेला ते नको होतं. घरात गोचड्या होतील, असं ती म्हणाली होती.

“म्हंजे गोचडी मीच घरमा आनी.”

ती माझ्याकडे बघत होती. मी काय केलं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं लोकांनी तिच्यावर घातलेला आळ खोटा होता, म्हणून तो तिच्या आत शिरला नव्हता. हा मात्र खरा होता, आणि तो मी घरपोच आणून दिला होता. स्वतःला वाचवून बोललो म्हणूनच ते तिच्यावर आलं होतं. रोग कुणालाच माहीत नव्हता असं म्हटलं, की उरतं फक्त कोकरू.

म्हणून मग मला सगळं सांगावं लागलं. मी म्हणालो, अक्का, गोचीड चावली म्हणून माणूस मरतोच असं नाही. त्यावर औषध होतं. माझ्या कपाटात होतं. तुम्ही पाचव्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी दिलं असतं तर बहुतेक ती उठून बसली असती. आणि नवव्या दिवशी धुळ्याच्या डॉक्टरने मला फोन करून विचारलं होतं, काही चावलं का. मला तुमचं बोलणं आठवत होतं. मी नाही म्हणालो. लोकांसमोर माझा शब्द खाली पडू नये म्हणून.

शेजारची एक बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. ती ऐकत होती. मी आवाज कमी केला नाही.

अक्काने विचारलं, “मंग हाई तवय का नई सांगं?”

मी खाली बघत राहिलो. तिने सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, “मन्हा पोऱ्याले सांगा. मन्हापुढे सांगा.”

मुलाचा नंबर शेजारणीने दिला. अक्काकडे तो नव्हता. फोन लागला तेव्हा पलीकडे मागांचा खडखडाट होता. मी कोण ते सांगितलं. तो बाहेर आला असावा, आवाज कमी झाला. मी जे आईला सांगितलं ते त्याला त्याच शब्दांत सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्याने दोनच गोष्टी विचारल्या. आईने गोचिडीचं तुम्हाला सांगितलं होतं, हे खरं का. आणि त्या दिवशी मी पिशवी घेऊन आलो तेव्हाही तुम्हाला हे माहीत होतं का.

रोग माहीत नव्हता, मी म्हणालो. पण बिब्बा म्हणून सांगितलं ते मनाला पटून सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, पोरगी पंधराची झाली. तिला मी काय काय सांगून ठेवलंय, तुम्हाला माहीत नाही. आता ते माझ्या तोंडून परत घेता येणार नाही. तुम्ही लिहून द्या. सगळं लिहा, सही करा. ती वाचेल.” आणि फोन बंद झाला.

अक्काने विचारलं, तो काय म्हणाला. मी सांगितलं, मुलीसाठी लिहून मागितलंय.

“मन्हं इचारं का?”

तिची चौकशी त्याने केली नव्हती. मी नाही म्हणालो. या एका दिवसात तरी मला तिच्याशी आणखी खोटं बोलायचं नव्हतं. तिने मान हलवली आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मी उठलो तेव्हा तिने वर पाहिलं नाही.

जळगावला येऊन मी ते पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पंधरा वर्षांच्या मुलीला कळेल असं लिहायचं होतं, आणि सोपं करताना मी स्वतःला सोडवून तर घेत नाही ना, हे प्रत्येक ओळीला तपासायचं होतं. कोकराचंही लिहिलं, कारण ते वगळलं असतं तर पुढे दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असतं. कोकरू आजीने आणलं ते तुझ्यासाठी, आणि आईला गोचीड चावली हे आजीने मला वेळेवर सांगितलं. मी ऐकलं नाही. पुढे मला विचारलं गेलं, तेव्हा मी खोटं बोललो. तुझी आई माझ्या खोटं बोलण्याने गेली, तुझ्या आजीच्या हातून नाही. त्याखाली पूर्ण नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि सही. त्या पत्रात सगळ्यांची नावं आहेत. इथे एकही लिहिलं नाही. इथे लिहितो ते तालुक्यातल्या दवाखान्यांतून बसणाऱ्यांसाठी. रोगी किंवा त्याच्याबरोबरची बाई जे सांगते ते कागदावर उतरवा. पटलं नाही तरी उतरवा. पुढे ज्याला पटेल त्याला ते वाचता तरी येईल.

पत्र पोस्टाने पाठवलं, पोचपावतीसह. नऊ दिवसांनी पावती परत आली. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी अक्काच्या मुलाची सही असेल असं मला वाटलं होतं. तिथे एका मुलीचं नाव आहे, शाळेतल्या वहीवर असतं तसं गोल अक्षरात, पूर्ण लिहिलेलं, आडनावासकट. पत्र तिच्या हातात पडलं एवढं नक्की. तिने ते उघडलं का, मला माहीत नाही. सुरतेहून किंवा गावाहून अजून कुणाचा फोन आलेला नाही.